चोर्ला घाट उतरून पणजीत: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी एका दिवसाची आखणी

गोव्यात पहिल्यांदाच घाटरस्त्याने येणारे बहुतेक लोक दिवसाचा हिशोब सकाळपासून मांडतात. बेळगावहून इतक्याला निघू, घाटात इतका वेळ थांबू, धबधबा बघू, जेवू, मग पणजी. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात घाटातल्या प्रत्येक वळणावर कुणीतरी 'एक फोटो' म्हणतं आणि त्या 'मग पणजी'ला रात्रीचे साडेआठ वाजतात. अनोळखी शहर, एकेरी रस्ते, पेंगुळलेली मुलं आणि हॉटेलवाल्याचा फोन लागत नाही, असा सगळा कारभार होतो.

आमच्या डिचोली तालुक्यात पाहुणे यायचे असले की मी त्यांना हिशोब उलटा मांडायला सांगतो. पणजीत पाचच्या आत पोचायचं, हे आधी पक्कं करा. मग तिथून मागे येत येत एकेक मुक्काम बसवा. जे बसणार नाही ते खुशाल गाळा. घाट कुठे जात नाही, पुढच्या खेपेलाही तो तिथेच असतो.

पाचच का? डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचला पोचलात तर गाडी लावून, सामान टाकून, तोंडावर पाणी मारून मांडवी नदीच्या काठावर जायला उजेड उरतो. दुसरं म्हणजे साडेपाच ते साडेसात या वेळात कचेऱ्या सुटतात आणि पाटो (पणजीचा बसस्थानकाचा भाग), मांडवीवरचे पूल आणि पलीकडची पर्वरी तुंबतात. तिसरं, दुपारी एक ते साडेतीन-चारच्या दरम्यान पणजीतली बरीच दुकानं बंद असतात. चार वाजता शहर पुन्हा जागं होतं. त्याआधी पोचून काही फायदा नाही, त्यानंतर फार उशीर करूनही नाही.

घाट कुठला घ्यायचा

कोल्हापूर-आजऱ्याहून येणारे आंबोलीने उतरतात. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा करत पणजी. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. हिरण्यकेशीचा उगम, कावळेसाद आणि रस्त्यालगतचा मोठा धबधबा ही नेहमीची ठिकाणं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र तिथे धबधब्यापेक्षा गाड्यांची रांग लांब असते. त्या दिवशी जाऊ नका.

चंदगडहून तिळारीमार्गे दोडामार्गला उतरणारा घाट जवळचा दिसतो, पण त्याचा उतार फार तीव्र आणि वळणं आवळलेली आहेत. त्या रस्त्याची सवय नसलेल्या ड्रायव्हरने पहिल्याच खेपेला तिकडे वळू नये.

अनमोड घाट खानापूर-लोंढ्याकडून मोले गावात उतरतो. हा राष्ट्रीय महामार्ग ७४८, जुना ४ए. अवजड वाहतूक भरपूर, पण वाटेत दोन मोठी आकर्षणं आहेत. एक तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ: कदंब राजांच्या काळातलं, जंगलाच्या कुशीत, काळ्या बेसाल्टमध्ये घडवलेलं. आसपास सगळीकडे जांभा असताना हा दगड घाटापलीकडून आणला असावा असं मानतात. दुसरा दूधसागर. त्याबद्दल एकच सांगतो: या एका दिवसात दूधसागर बसवू नका. कुळे गावातून ठरलेल्या जीपनेच जायचं असतं, जंगलाच्या रस्त्याने ओढे ओलांडत, आणि जाऊन येऊन अर्धा दिवस सहज जातो. पावसाळ्यात जीप बंद असतात. रुळांवरून चालत जाण्यावर रेल्वेने बंदी घातली आहे आणि कारवाईही होते. दूधसागरासाठी स्वतंत्र दिवस काढा, नाहीतर त्या मार्गाच्या आगगाडीच्या खिडकीतून बघा.

मी इथे चोर्ल्याचा मार्ग सविस्तर सांगणार आहे. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी आणि पणजी असा तो आहे, साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर. अंतर कमी असल्यामुळेच दिवस हातात राहतो.

आदल्या रात्री करायच्या गोष्टी

मोबाइलमध्ये नकाशा उतरवून ठेवा. घाटमाथ्यावर आणि जंगलात नेटवर्क येतं-जातं. नकाशात नाव घालताना मात्र सावध राहा, कारण गोव्यात एकाच नावाची गावं आहेत. केरी तीन: एक सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी, एक पेडण्यात तेरेखोलजवळ समुद्राकाठी आणि एक फोंड्यात. तुम्हाला सत्तरीतलं हवं आहे. सुर्लही तसंच: घाटमाथ्यावरचं सत्तरीतलं सुर्ल, डिचोलीतलं खाणींचं सुर्ल आणि देवळाचं तांबडी सुर्ल. त्यात पाट्यांवरचं रोमन लेखन पोर्तुगीज वळणाचं, त्यामुळे डिचोली आणि साखळी ही नावं तिथे चटकन ओळखू येत नाहीत. देवनागरी पाटी शोधा, नाहीतर थांबून विचारा.

बेळगावात पेट्रोल घाट उतरण्यापुरतं भरा. पुढची टाकी गोव्यात भरा, तिथे ते स्वस्त पडतं. गाडीची कागदपत्रं, विमा, पीयूसी हाताशी ठेवा, सीमेवर तपासणी नाके आहेत आणि परराज्यातल्या गाड्या पोलीस थांबवतातही. दुचाकीवर हेल्मेट हवंच.

थोडी रोकड ठेवा, सुट्या नोटांत. ज्यांना घाट लागतो त्यांनी आवळासुपारी किंवा लिंबू जवळ ठेवावं, आणि सकाळी निघताना पोटभर मिसळ खाऊ नये. पावसाळ्यात येणार असाल तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी. हॉटेलचं बुकिंग या रात्रीच पक्कं करा आणि गाडी लावायची सोय आहे का, हे स्पष्ट विचारा. 'बाहेर लावा, काही होत नाही' या उत्तराचा अर्थ सोय नाही असाच घ्यायचा.

घाटमाथा: सात ते दहा

बेळगाव सातला सोडा. जांबोटीनंतर दोन्ही बाजूंना जंगल दाटतं. हा सगळा खानापूर तालुका, बोली मराठी, त्यामुळे वाट विचारायला अडचण नाही. पहिला थांबा कणकुंबीला घ्या.

या गावाजवळून बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात, आणि मला हे कधीच पटलेलं नाही. इथे माउलीचं देऊळ आहे आणि याच गावात मलप्रभेचा उगम. मलप्रभा इथून पूर्वेला निघते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोचते. याच परिसरातले दुसरे ओहोळ, त्यातला कळसा नाला धरून, पश्चिमेकडे वाहत म्हादईला मिळतात. म्हादई खाली गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात शिरते. म्हणजे एका गावात पडलेल्या पावसाचं पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं. कळसा-भांडुरा प्रकल्पावरून कर्नाटक आणि गोवा का भांडतात, हेही इथे उभं राहिल्यावर नकाशाशिवाय कळतं: पश्चिमेला जाणारं पाणी पूर्वेला वळवायचं की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. म्हादई जलतंटा लवादाचा निवाडा २०१८ मध्ये आला, वाद अजून मिटलेला नाही. घाटात कुणाशी गप्पा मारताना हा विषय जपून काढा. दोन्ही बाजूंना तो जिव्हाळ्याचा आहे.

कणकुंबीनंतर चोर्ला. इथे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना भिडतात आणि फोनवर 'आपले स्वागत आहे'चे मेसेज आलटून पालटून येत राहतात. हिवाळ्यात सकाळी दरीत धुकं साचलेलं असतं आणि ऊन चढलं की पातळ होत जातं. नऊच्या आसपास पोचलात तर डोंगराचे कडे वर आणि धुकं खाली असं दृश्य मिळतं. अकरानंतर तीच दरी फिकट, धुरकट दिसते. म्हणून मी सातला निघण्याचा आग्रह धरतो.

पावसाळ्यात हिशोब वेगळा. जून ते सप्टेंबर धुकं दिवसभर हटेलच असं नाही, कधी कधी पुढच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नाही. दिसतात ते रस्त्याच्या कडेचे पांढरे ओघळ, आणि ते पुरेसे सुंदर असतात. दरडी कोसळतात, त्यामुळे जोराचा पाऊस झालेल्या रात्रीनंतर निघण्याआधी रस्ता सुरू आहे का, याची बेळगाव किंवा साखळीत चौकशी करा.

धबधब्यांविषयी कडक बोलावं लागेल. चोर्ल्याच्या बाजूचा वझरा धबधबा उंचीने जबरदस्त आहे, पण तो नीट दिसावा म्हणून जंगलात चालावं लागतं आणि त्यासाठी माहितगार माणूस बरोबर हवा. हा भाग म्हादई अभयारण्याचा आहे, २०८ चौरस किलोमीटरचा, १९९९ मध्ये जाहीर झालेला. गोव्याचं सर्वात उंच शिखर सोसोगडही याच सत्तरीत. जंगलात गवे, अस्वलं, बिबटे आहेत, नागराज आहे, पट्टेरी वाघही आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा ठरतो. पावसाळ्यात धबधब्यांत आणि बंद खाणींच्या पाण्यात उतरण्यावर प्रशासन बंदी घालतं, आणि दरवर्षी कुणी ना कुणी ती मोडून जीव गमावतं. वरून साधा दिसणारा झरा डोंगरावर पाऊस झाला की काही मिनिटांत फुगतो. बघायचं, कान भरून ऐकायचं आणि गाडीत बसायचं.

माकडांना खायला घालू नका. रस्त्यावर बाटल्या फोडू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि चूल मांडणं यांवर गोव्यात दंड आहे, 'गोव्यात सगळं चालतं' हा समज घाटाच्या वरच सोडून या.

उतार आणि केरी

चोर्ल्यापासून केरीपर्यंतचा उतार खालच्या गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पायथ्याशी येईपर्यंत जळका वास येतो, तो आल्यास बाजूला थांबून अर्धा तास गार होऊ द्या, गरम चाकावर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा. थांबायचंच असेल तर पूर्ण गाडी रस्त्याबाहेर उभी राहील अशाच जागी. अर्धी गाडी डांबरावर ठेवून फोटो काढणारे लोक बघितले की माझा तोल जातो, ते असो.

खाली येताना अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. तिथून हवा बदललेली अंगाला कळते, गारवा जाऊन दमटपणा येतो. स्वेटर काढायची जागा म्हणजे केरी. माड, पोफळी, कुळागरं (माड-पोफळींच्या बागा) सुरू होतात. इथपर्यंत साधारण सव्वादहा व्हायला हवेत. अकरा वाजले असतील तर पुढचा हरवळ्याचा थांबा गाळा, जेवणाची वेळ हलवू नका.

हरवळे आणि साखळी

साखळीच्या अलीकडे-पलीकडे फार काही शोधत बसू नका, हरवळे पुरे. रुद्रेश्वराचं देऊळ, त्याला लागून धबधबा आणि जवळच जांभ्यात कोरलेली लेणी. लेण्यांना लोक पांडवांची म्हणतात. आत शिवलिंगं आहेत. तिन्ही ठिकाणं जवळजवळ असल्यामुळे पाऊण तासात होतात. धबधब्याखालचा डोह फसवा आहे, पोहायला उतरू नका. देवळात जाताना गुडघ्यावरचे कपडे नकोत, हे गोव्यातल्या जवळपास सगळ्या देवळांना लागू.

साखळीत साडेबाराला जेवा. दीडनंतर चांगली मासळी संपत येते आणि अडीच-तीनला खाणावळी आवरतात. थाळी मागितली की भात, हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा किंवा जे त्या दिवशी मिळालं ते, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि सोलकढी येते. भात बहुधा उकड्या तांदळाचा, जाड दाण्याचा. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच 'सुरय (साधा पांढरा तांदूळ) आहे का' म्हणून विचारावं. शाकाहारी मंडळींनी थाळीपेक्षा भाजी-पाव, मिरची, बन्स यांच्या मागे लागावं. इथली भाजी म्हणजे मुंबईची पावभाजी नव्हे: बटाट्याची सुकी, पातळ, मिक्स अशी नावं घेऊन मागायची आणि पाव बुडवून खायचा. ही खरी सकाळची गोष्ट, पण हॉटेलं दुपारपर्यंत देतात.

भाषेचं म्हणाल तर सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांत मराठी घराघरांत वाचली जाते, देवळात आरती मराठीत होते, नाटकं मराठीत होतात. तुम्ही मराठीत विचारा, उत्तर कोकणीत आलं तरी समजेल. 'काका, नार्व्याची फेरीबोट खंय?' एवढं जमलं तर माणूस हातातलं काम टाकून वाट दाखवेल. हिंदीत सुरुवात करण्याचं कारणच नाही.

साखळीहून पणजी: दोन वाटा

घाईत असाल तर पहिली वाट: साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी, जुनं गोवं, पणजी. रस्ता सरळ आहे, आमोण्याला पूल आहे, माशेलात देवकीकृष्णाचं देऊळ लागतं (कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी इतरत्र सहसा दिसत नाही, दहा मिनिटं काढा). बाणस्तारीला फोंड्याकडून येणारा महामार्ग मिळतो. तासाभरात पणजीच्या वेशीवर.

दुसरी वाट मी मनापासून सुचवतो. साखळीहून डिचोली, मग मये करत नार्वे. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हे कदंब राजांचं दैवत. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग नदीपलीकडे या गावात आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर शके १५९० चा शिलालेख आहे, तो चुकवू नका. देऊळ बसकं आहे, समोर दीपस्तंभ, भोवती झाडी. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला गोव्याशी आपलं नातं किती जुनं आहे हे इथे सांगावं लागत नाही. ज्यांच्या नावाने राज्याची एसटी, म्हणजे कदंब, धावते, ते राजे कोण हे मुलांना सांगायलाही हीच जागा बरी. बसवरचा सिंह त्यांचाच.

देवळापासून थोडं पुढे फेरीबोटीचा धक्का. बोटीवर माणसांना तिकीट नाही, चारचाकीला किरकोळ पैसे पडतात. पहिल्यांदा गाडी चढवणाऱ्याला धडकी भरते, म्हणून क्रम सांगतो. रांगेत थांबा. बोटीतली माणसं आणि गाड्या आधी उतरू द्या. खलाशी हात करेल तेव्हाच पहिल्या गिअरमध्ये हळू चढा आणि तो दाखवेल तिथेच, अगदी दुसऱ्या गाडीला खेटून, उभे राहा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. प्रवास काही मिनिटांचाच असतो. ओहोटीच्या वेळी उताराला तिरका कोन येतो, बुटक्या गाड्यांचा पुढचा भाग घासू शकतो. शंका वाटली तर खलाशाला विचारा, तो खरं सांगतो.

दिवाडी बेट पाच-सात किलोमीटरमध्ये ओलांडलं जातं: खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), बगळे, जुनी घरं, टेकडीवर पिएदादचं चर्च. तिथून दुसरी फेरी जुन्या गोव्याला. बोटीतून उतरलात की समोरच व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने, तो इथे व्हाइसरॉय असताना, ती पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली, आणि नवा आलेला प्रत्येक व्हाइसरॉय नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा. एका दुपारी शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवलेल्या देवळातून निघून त्या कमानीखाली येणं हे फक्त या वाटेने जमतं.

जुन्या गोव्यात तीनच्या सुमारास पोचला असाल तर बॉम जेझूची बासिलिका तेवढी बघा. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे चांदीच्या पेटीत आहे, बाहेरच्या भिंतींचा गिलावा काढलेला असल्यामुळे जांभा उघडा दिसतो. ही चर्चेस आणि कॉन्व्हेंट १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बाकीची दुसऱ्या दिवशी. चारला गाडीत बसायचं म्हणजे बसायचं.

शहरात शिरताना

आता 'मोठं शहर'. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण सत्तरीच्या माणसाला विचारा, त्याच्या लेखी राजधानी ती राजधानी. १८४३ पासून ती राजधानी आहे, आणि दिवसा आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक नोकरीला येतात तेव्हा हे छोटं शहर खरोखरच मोठं होऊन बसतं, विशेषतः गाडी लावायच्या बाबतीत.

जुन्या गोव्याहून दोन रस्ते येतात. रुंद बगलरस्ता वेगवान आहे. रायबंदरचा जुना रस्ता नदीकाठाने जातो आणि शेवटी सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज बांधावरून पणजीत आणतो, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि कांदळवन. उजेड असेल तर रायबंदर घ्या.

म्हापशाकडून येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. पर्वरी उतरताना मांडवीवर शेजारी शेजारी पूल दिसतात. सगळ्यात उंच, तारांवर तोललेला तो अटल सेतू, २०१९ मध्ये सुरू झालेला. पणजी टाळून फोंडा-मडगावकडे जाणाऱ्यांसाठी तो आहे. पणजीत उतरायचं असेल तर त्यावर चढू नका, खालच्या पुलाने या. चुकून चढलात तर शहर पायाखालून निघून जाताना बघत बसाल आणि पुढून वळसा घालून यावं लागेल. दुचाकींना त्यावर मनाईच आहे.

गाडी पाटोला लावा. तिथे बहुमजली वाहनतळ आहे, कदंब बसस्थानकही तिथेच. हॉटेलात जागा असेल तर थेट तिकडे जा, नसेल तर अठरा जून रस्त्यावर जागा शोधत फिरण्यात संध्याकाळ घालवू नका. एकेरी रस्ते पुष्कळ आहेत आणि चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेतात. जोराच्या पावसात भरती असेल तर अठरा जून रस्त्यावर आणि मळ्यात पाणी साचतं, त्या दिवशी गाडी सखल भागात ठेवू नका.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. उत्तरेला मांडवी, पूर्वेला पाटोची खाडी, मध्ये आल्तिनोची टेकडी, पश्चिमेला मिरामारचा समुद्र. बाजार आणि कचेऱ्या नदी आणि टेकडीच्या मधल्या पट्टीत. वाट चुकलात तर उताराने चालू लागा, नदी लागते.

बसने येणारे

बेळगाव ते पणजी चोर्लामार्गे थेट बस आहेत, पण मधली ठिकाणं त्यात होणार नाहीत. घाट तेवढा खिडकीतून मिळतो. उजवी-डावीचा विचार न करता पुढची जागा पकडा. साखळीला उतरून हरवळे करून पुढची बस धरणं शक्य आहे, सामान कमी असेल तर. खासगी बसमध्ये कंडक्टर 'फाटीं वच, फाटीं वच' करत सगळ्यांना मागे ढकलत राहतो, राग मानू नका, पणजी येईपर्यंत तो हेच म्हणतो. आतल्या गावांच्या बस संध्याकाळी लवकर संपतात, तेव्हा अंधारावर भरवसा ठेवून कुठे उतरू नका.

रेल्वेने येऊन जाणाऱ्यांसाठी: पणजी शहरात स्टेशन नाही. सर्वात जवळचं करमळी, जुन्या गोव्याजवळ, मोठं मडगाव. थिवी म्हापशाच्या बाजूला.

बसस्थानकापासून शहर चालत दहा-पंधरा मिनिटं. सामान असेल आणि एकटे असाल तर पायलट घ्या: पिवळ्या-काळ्या रंगाची मोटरसायकल, मागे बसायचं. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. ॲपवरून गाडी हवी तर गोवा माइल्स. इतर टॅक्सीला बसण्याआधी भाडं ठरवा. भाड्याने स्वतः चालवायला दुचाकी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते आणि पोलिसांनी धरल्यावर महाग पडते.

पाच ते दहा

खाडीवरचा पूल ओलांडला की मळा आणि फोंतेन्हास. पिवळी, निळी, लाल घरं, अरुंद गल्ल्या. ही राहती घरं आहेत. दुसऱ्याच्या पायरीवर बसून, दाराला टेकून फोटो काढू नका; तिथल्या रहिवाशांनी वैतागून पाट्या लावल्या आहेत. इथून चर्च चौक जवळ, पांढऱ्या जिन्यांचं चर्च सगळ्यांना ठाऊक असतं. तिथून थोड्या चढणीवर महालक्ष्मीचं देऊळ, संध्याकाळच्या आरतीला जाता आलं तर जा.

नंतर नदीकाठ. आदिलशहाचा जुना वाडा, शेजारी संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा. तो कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला गोंयकार. पुढे कसिनोंच्या बोटींचे धक्के आणि तिकिटं विकणारी पोरं. 'नको' एकदाच म्हणा आणि चालत राहा. नदीतून तासाभराची फेरी हवी असेल तर पर्यटन महामंडळाच्या बोटी पाटोजवळच्या सांता मोनिका जेटीवरून सुटतात. मला विचाराल तर पणजीहून पलीकडच्या काठावरच्या बेतीला जाणारी फेरीबोट घ्या. चालत जाणाऱ्याला फुकट, कामावरून घरी निघालेली माणसं सोबतीला आणि शहराचे दिवे पाण्यातून दिसतात. त्याच बोटीने परत या.

रात्रीचं जेवण गाड्यावर: रस-ऑम्लेट. कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट, वर कोंबडीचा नाहीतर चण्याचा गरम रस, लिंबाची फोड आणि पाव. पाव संपले की संपले, म्हणून नऊच्या आत.

दुसऱ्या दिवशी मडगाव, वास्को किंवा म्हापशाला जायचं असेल तर कदंबच्या विनाथांबा शटल पाटोच्या स्थानकावरून सुटतात. तिकीट बसमध्ये चढण्याआधी खिडकीवर काढायचं असतं. सकाळी साडेआठ-नऊला रांग लांब असते, म्हणून एक तर आठच्या आत जा, नाहीतर नाश्ता करून दहानंतर. रविवारी पणजीतली बरीच दुकानं बंद असतात, काजू वगैरे घ्यायचे असतील तर शनिवारीच घ्या.